पाहुणं गवत

सकाळचं प्रॅक्टिकल संपत आलं होतं. मुली ब्लेड पुसून ठेवत होत्या, दोघी-तिघी जर्नलवर सही घ्यायला माझ्याभोवती उभ्या होत्या, आणि प्रयोगशाळेच्या दारात एक माणूस येऊन थांबला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातात नायलॉनची मोठी पिशवी. चपला त्याने बाहेर काढून ठेवल्या होत्या. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चपला काढून कोणी येत नाही, म्हणून मुली हसल्या. मला वाटलं, कुणाच्या तरी अॅडमिशनचं काम घेऊन आला असेल. "शमीमबाई कोण?" त्याने विचारलं. मीच, म्हटल्यावर त्याने पिशवीतून दोन लाकडी जाळ्या काढल्या. पट्ट्यांनी करकचून आवळलेल्या, मधे जुन्या वर्तमानपत्रांची जाड चळत. झाडंझुडपं दाबून वाळवायचा आमचा प्रेस. एका फळीवर डिपार्टमेंटचा नंबर पांढऱ्या रंगात अजून दिसत होता.

"ही कॉलेजची हाय. परत द्या म्हणली हुती. तुमच्याच हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

"कोण म्हणाली?" मी विचारलं खरं, पण तो नंबर पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. तो प्रेस आम्ही दोघींनी टी.वाय.ला असताना इथून नेला होता आणि परत केलाच नव्हता…

"सुभद्रा. मी तिचा नवरा, मोहन." मग त्याने मुलींकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "तिला जाऊन आज अठरा दिस झालं. कावीळ झाली. पंधरा दिसात समदं उरकलं."

मी त्याला बसा म्हटलं, तो बसला नाही. चहा नको म्हणाला, उभ्यानेच पाणी प्याला. लोणी देवकरला त्याची दुपारची पाळी होती, गाडी चुकली असती. तो गेला आणि मी पुढच्या बॅचला फुलोऱ्याचे प्रकार शिकवले. फळ्यावर आकृत्या काढल्या, नावं दिली, एक मुलगी मागे बोलत होती तिला उठवून उभं केलं. मी रडले वगैरे नाही. रडू यायला माणूस रोजच्या जगण्यातून उठून जावं लागतं, आणि सुभद्राला माझ्या रोजच्या जगण्यातून मी सहा वर्षांपूर्वीच उठवून लावलं होतं. या लेखात तेच सांगायचं आहे. तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि मी लिहिलं नाही तर जे झालं ते झालंच नाही असं होऊन बसेल.

आमची ओळख एस.टी.तली. मी इंदापूरची, स्टँडजवळ अब्बांचं सायकलचं दुकान. बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं, आणि आमच्या गल्लीतून मुलीने रोज गाडीने जाऊन शिकायचं हे अब्बांच्याही पचनी पडायला वेळ लागला. मी इंदापूरला चढायचे, खिडकीची जागा धरायचे आणि शेजारी जर्नल ठेवायचे. सुभद्रा मधे फाट्यावर चढायची. "शमे, सरक," एवढं म्हणून जर्नल उचलून मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या दिवशीही ती असंच म्हणाली होती. नाव मी तिला सांगितलंही नव्हतं, माझ्या जर्नलवर वाचून घेतलं होतं तिनं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, शमीम म्हण. ती म्हणाली, "लांबडं हुतंय."

ती कळसची. आजोबांच्या काळात घरात मोठी मेंढरं होती, पावसाळा सरला की कोकणाच्या बाजूला उतरायची. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून शेती धरली आणि एका जागी राहिले, म्हणून सुभद्राला शाळा मिळाली. पण मेंढरं घरातून गेली तरी घराच्या बोलण्यातून गेली नव्हती. आबा अजून पावसाचं बोलताना शेतापेक्षा माळाचंच आधी बोलायचे. सुभद्राला गवत कळायचं. मला गवत म्हणजे हिरवं काहीतरी, सायकलच्या चाकात अडकणारं. तिला त्यात पवना दिसायचा, मारवेल दिसायची, कुसळी दिसायची. कोणतं मेंढरू आधी खातं, कोणतं तोंडात टोचतं, कोणतं लोकरीत अडकून कातडीपर्यंत जातं, हे ती गाडीच्या खिडकीतून बोट दाखवत सांगायची. मला कंटाळा यायचा. मी तेव्हा जीवशास्त्रातली मोठमोठी इंग्रजी नावं पाठ करून स्वतःवरच खूश होते.

पहिल्या वर्षी इंग्रजीनं तिचा जीव घेतला. स्पेलिंगं चुकायची, तोंडी परीक्षेत तोंड उघडायची नाही. पण खोडाचा काप घ्यायची वेळ आली की आख्खी बॅच तिच्या टेबलाभोवती. बटाट्याच्या फाकेत देठ धरून ब्लेड अशी ओढायची की काप पाण्यावर पडला तर दिसायचा नाही, शोधावा लागायचा. माझे काप जाड, अर्धवट, एका बाजूला पाचर मारल्यासारखे. ती तिच्यातला एक उचलून गुपचूप माझ्या काचपट्टीवर ठेवायची. सॅफ्रनिनचा लाल रंग बोटांना लागला की चार दिवस निघायचा नाही. तिच्या आईनं विचारलं होतं म्हणे, "कुणाच्या लग्नात जाऊन मेंदी काढून आलीस गं?" हे सांगताना सुभद्रा इतकी हसली की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं.

हल्ली पालक मला विचारतात, बाई, बी.एस्सी. करून काय मिळतं? मी ठरलेलं उत्तर देते, एम.एस्सी., बी.एड., स्पर्धा परीक्षा. खरं उत्तर द्यायचं तर सुभद्राचं द्यावं लागेल. पाहायला शिकवतं म्हणावं, तर पाहायला ती घरूनच शिकून आली होती. कॉलेजनं तिला एकच गोष्ट नवी दिली, ती म्हणजे चिठ्ठी. हर्बेरियमच्या कागदावर वाळवलेलं झाड चिकटवलं की उजव्या कोपऱ्यात खाली एक छापील चिठ्ठी लावायची असते. झाडाचं नाव, कूळ, लोक त्याला काय म्हणतात, कुठं सापडलं, कधी, आणि शेवटच्या ओळीत, कुणाला सापडलं. आमच्या वैद्य मॅडमनी ही चिठ्ठी पहिल्यांदा दाखवली तेव्हा सुभद्रानं ती बराच वेळ हातात धरली होती. "म्हंजे आपुन बगितलं, हे बी लिवायचं?" तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तेच तर लिहायचं. झाड तर आधीपासून आहेच." ज्या घरात सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत एका कागदावर तिचं नाव पहिलं नव्हतं, त्या घरच्या मुलीला ही शेवटची ओळ काय वाटली असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर पुढं मी जे केलं ते केलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. खरं असेलच असं नाही.

टी.वाय.ला महाबळेश्वरची टूर निघाली. अब्बांनी नाही म्हटलं. आबांना तर विचारायची सोयच नव्हती. आम्ही दोघी तोंड पाडून मॅडमसमोर उभ्या राहिलो. वैद्य मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कपाटातून हा प्रेस काढून आमच्या हातात दिला. "महाबळेश्वरची झाडं सगळ्यांच्या कपाटात आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या माळावरची कुणाच्याच नाहीत. तिकडं काय उगवतं ते मला आणून दाखवा. आणि एक लक्षात ठेवा, कुठलंही झाड घ्याल ते दोन घ्या. एक गेलं तर दुसरं राहतं." सुभद्रानं याचा वेगळाच अर्थ लावला. प्रत्येक रोप मुळासकट उपटून झालं की ती माती झटकायची आणि म्हणायची, "एक तुजं, एक माजं."

त्या पावसाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीपर्यंत आम्ही रविवारी माळ तुडवला. तुडवला म्हणजे तिनं तुडवला. मला ऊन सोसायचं नाही, सलवारीला कुसळं चिकटायची, आणि मी पहिल्या अर्ध्या तासातच एका बोरीच्या सावलीत पेपर पसरून बसायचे. ती लांब जाऊन ठिपका व्हायची, मग ओच्यात काहीबाही घेऊन परत यायची. मी दाबायचं काम करायचे. माकडशिंगीची फजिती तेव्हाचीच. ती मांसल कांडी, कळसच्या बाजूला गुराखी येताजाता मोडून खातात. आम्ही ती सरळ प्रेसमध्ये आवळून ठेवली. पंधरा दिवसांनी उघडून पाहतो तर ती वाळलीच नव्हती, उलट वर्तमानपत्राच्या दोन पानांमधे आडवा कोंब फुटला होता. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. अशी झाडं आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायची असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या खेपेला सुभद्रा पातेल्यापाशी उभी राहिली आणि तिच्यानं होईना. "जितं हाय गं ते," म्हणाली. मी तिच्या हातातून घेऊन टाकलं पाण्यात. मला काही वाटलं नाही.

ते गवत तिला ऑक्टोबरात सापडलं. दगडांच्या एका ओळीच्या सावलीला, हाताएवढ्या जागेत, वीतभर उंचीचं, तुरे बारीक आणि जांभळट. ती धावत आली. मी बोरीखाली डोळे मिटून पडले होते. "शमे, हे मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला हसू आलं. माहीत नसल्याचा आनंद! आम्ही तर माहीत नसलं की घाबरायचो. संध्याकाळी तिनं ते आबांना दाखवलं. आबांनी हातात धरून उलटसुलट करून पाहिलं. "हे पाहुणं हाय," ते म्हणाले. "एकांद्या सालीच दिसतं, परत पाच-धा वरसं न्हाय. मेंढरं तोंड लावत न्हाईत त्याला. मंग नाव कशाला ठिवायचं?" सुभद्रानं चिठ्ठीवर लोकांचं नाव म्हणून 'पाहुणं' लिहिलं आणि शास्त्रीय नावाच्या जागी ओळ रिकामी सोडली. एक तुजं, एक माजं, म्हणून दुसरं मला दिलं.

त्याच संध्याकाळी आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, जसं काही बैल बदलायचा विषय आहे. "फस्क्लास आला तर जाऊ दी पुण्याला शिकाय. न्हाय आला, तर सोयरीक बगून ठिवलीया." सुभद्रानं मान हलवली. कळसच्या त्या ओसरीवर हा मोठा सौदा होता आणि तो आबांनी आपण होऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी ती गाडीत मला म्हणाली, "आबा शब्दाचा पक्का हाय. मला फकस्त मार्कं पायजेत."

आता आमच्या कॉलेजातली एक रीत सांगते. हर्बेरियमचे कागद वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायचे. नवी चिठ्ठी जुनीवर चिकटवली की झालं, रामाचं झाड शामाचं. हे थांबवायला मॅडम तपासलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला पंचिंग मशीननं भोक पाडायच्या. तरी चालायचंच. त्यामुळे दुसऱ्याच्या झाडाखाली आपलं नाव लिहिण्यात आम्हाला कुणाला गैर वाटत नव्हतं. माझ्या पंचवीस कागदांपैकी बावीस तरी सुभद्रानं उपटलेले होते आणि पंचविसांवर माझं नाव होतं. वळणदार इंग्रजी अक्षरात, शाईच्या पेनानं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मॅडम शेजारच्या खोलीत दुसरी बॅच बघत होत्या. नंबराप्रमाणे मी आधी, मग दोन मुलं, मग सुभद्रा. परीक्षक माझे कागद भराभर उलटत होते आणि 'पाहुण्या'पाशी थांबले. चष्मा वर केला, भिंग मागवलं. "हे कुठं सापडलं तुला?" मी म्हटलं, "कळसच्या माळावर, सर." ते म्हणाले, "अरे वा. नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस, प्रामाणिक आहेस. हे मी पुण्याला दाखवतो." आणि तो कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला. मी काही खोटं बोलले नव्हते. सापडलं कुठं, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मग सुभद्राचा नंबर आला. तिच्या गठ्ठ्यात तेच गवत, तोच माळ, तीच तारीख. परीक्षकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तिथंच, चार हातांवर, सूक्ष्मदर्शक पुसत उभी होते. "हिचं बघून केलंस का?" त्यांनी विचारलं. सुभद्रा काही बोलली नाही. इंग्रजीत सांगावं लागेल म्हणून असेल, बाहेरच्या माणसासमोर तिची जीभ उचलत नव्हती म्हणून असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शक पुसत राहिले. परीक्षकांनी पुढचे कागद न पाहताच गठ्ठा मिटला, यादीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. एवढंच. दोन मिनिटांचा प्रकार. त्यानंतर मी कितीतरी वेळा त्या दोन मिनिटांत परत जाऊन "सर, हे हिचं आहे" म्हणून पाहिलं आहे. चार शब्द आहेत. अवघड नाहीत.

परतीच्या गाडीत जागा होती तरी ती उभी राहिली. फाटा जवळ आला तेव्हा वाकून म्हणाली, "तू बोलली का न्हाईस?" मी म्हटलं, "मला वाटलं, तू सांगशील." ती म्हणाली, "माजं मी कसं सांगू? माजं तू सांगायचं हुतं, शमे." आणि उतरली. खाली उतरून तिनं खिडकीतून माझं जर्नल आत दिलं. ते तिच्याच हातात राहिलं होतं.

निकालात तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. किती मार्कांनी, आणि ते प्रॅक्टिकलचे की पेपरातले, मी विचारलं नाही. तिचं इंग्रजीही तिला नडलं असेल. मी सहा वर्षं ती गुणपत्रिका न बघता काढली आहेत, कारण न बघितलेल्या गुणपत्रिकेत मला सोयीचे मार्क घालता येतात. आबा शब्दाचे पक्के होते. जूनअखेरीस लग्न झालं. मी गेले, आहेर केला, फोटोत उभी राहिले. तिनं मला घास भरवला आणि म्हणाली, "पुण्याला जा. तितं गवताचं शिक." मी पुण्याला गेले. प्रवेशाच्या मुलाखतीत माझं त्या गवताबद्दलच बोलणं झालं. तोवर तज्ज्ञांकडून नाव आलं होतं, आमच्या भागातून ते आधी कुणी नोंदवलेलं नव्हतं, आणि कॉलेजच्या कपाटात तो कागद माझ्या नावानं लागला होता. समोरचे सर खूश झाले. मीही खूश दिसले असेन.

पुढं बारामतीला तासिका तत्त्वावर लागले, मग कायम झाले. एक खोली घेऊन राहते. अब्बा आता नाहीत, अम्मी भावाकडे इंदापुरात. बोलायला माणसं भरपूर आहेत. स्टाफरूममध्ये पगाराचं, बदल्यांचं, भाज्यांचं बोलतो आम्ही. पण गाडीतून जाताना बांधावरचं एखादं गवत दिसलं की तोंडात आलेलं वाक्य तसंच गिळावं लागतं. शेजारी जर्नल ठेवायची सवय मात्र गेली नाही. लोक विचारतात, "बाई, इथं कोण आहे?" मी उचलून घेते.

ती शेवटची भेटली गेल्या वर्षी, इंदापूरच्या स्टँडवर. कडेवर मुलगी, हातात भाजीची पिशवी. "शमे!" अशी हाक आली की अर्धा स्टँड वळला. "माकडशिंगीला फुलं आल्यात आमच्याकडं, लोणीच्या अलीकडच्या माळाला. येतीस का रविवारी?" माझी गाडी लागली होती. मी म्हटलं, येते की, पत्ता दे. तिनं पत्ता सांगितला, मी लिहून घेतला नाही. गाडी सुटली तेव्हा ती मुलीचा हात धरून मला टाटा करायला लावत होती… लोणी देवकर इंदापूरपासून असं किती लांब? मी दर पंधरा दिवसांनी इंदापूरला येतच होते. पण तिच्या घरी गेलं की कधीतरी ते बोलणं निघेल, ही भीती. ते निघालं नसतं. सुभद्रानं एकदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारणारी ती नव्हती.

प्रेस मी तीन आठवडे उघडला नाही. टेबलावर तसाच बांधलेला पडून होता. मग एका रविवारी दुपारी खोलीवर नेला, पट्ट्या सोडल्या. आत वर्तमानपत्रांच्या घड्या, प्रत्येक घडीत दोन-दोन रोपं. सरळ, पानं उलगडलेली, मुळं धुतलेली, जशी आम्हालाही वर्गात कधी जमली नाहीत तशी. माकडशिंगी नव्हती. तिला अजून पाण्यात घालायला जमलं नसणार. प्रत्येक घडीत वहीच्या कागदाची एक चिठ्ठी, पट्टीनं आखलेली. नाव, लोकांचं नाव, जागा, तारीख. तारखा लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांच्या. आणि शेवटच्या ओळीत, 'कुणाला सापडलं'च्या पुढं, एकूण एक चिठ्ठीवर: सुभद्रा, शमीम.

मी त्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. मग मला रडू आलं. इतकं, की घरमालकीण दार वाजवून गेली.

पुढच्या रविवारी मी लोणी देवकरला गेले. ज्या पत्त्याला मी वर्षभर घाबरले तो पहिल्याच पानटपरीवाल्यानं सांगितला. दोन खोल्या, दारात तुळस, भिंतीला तिनं टांगलेला कुसळीचा एक झुबका. मुलगी कळसला आजीकडे होती. मोहननं चहा केला, त्याच्यासारखं मी नको म्हटलं नाही. "सुट्टीच्या दिशी मीच न्ह्याचो तिला माळावर," तो म्हणाला. "ती हिंडायची, मी झाडाखाली बसून ऱ्हायचो. मला त्यातलं काय कळत न्हाय. पर एकदा चिठ्ठी वाचली अन् इचारलं, आगं, गाडी माजी, पेट्रोल माजं, अन् नाव शमीमबाईचं कशापायी? ती तर संगं न्हाय." तो थोडा हसला. मी विचारलं, मग काय म्हणाली? "म्हणली, दोघींनीच सुरू केलं हुतं. यील ती कवातरी."

मी त्याला सगळं सांगितलं. परीक्षेचं, परीक्षकांचं, सूक्ष्मदर्शक पुसण्याचं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हे तिनं मला कदीच सांगितलं न्हाय," आणि कप उचलून आत विसळायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. तो परत आला तेव्हा त्यानं मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. त्यानं करायचं नव्हतंच ते. मला गाडीपर्यंत पोचवायला मात्र आला.

आमच्या कपाटातल्या झाडांचा एक नियम आहे. मी दर वर्षी तो शिकवते. कागदावरची माहिती चुकीची निघाली तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी चिकटवायची नाही. शेजारी नवी लावायची, खाली सही करायची. म्हणजे पुढं येणाऱ्याला चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. परवा मी गवतांचं कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. खालून तिसऱ्या कप्प्यात तो कागद होता. सुभद्रानं उपटलेलं रोप, तुऱ्यांचा जांभळा रंग उडून मातकट झालेला. कोपऱ्यात मॅडमनी पाडलेलं भोक. आणि माझं नाव, वळणदार, शाईच्या पेनानं. शाई काही उडाली नव्हती.

मी शेजारी नवी चिठ्ठी लावली. इंग्रजीत लिहायला घेतली होती, फाडली, आणि मराठीत लिहिली: 'हे गवत शमीमला सापडलेलं नाही. ते कळसच्या सुभद्राला सापडलं. शमीम तेव्हा बोरीच्या सावलीत झोपली होती.' खाली सही केली.

वैद्य मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. कागद त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, जुनी आधी, मग नवी, मग पुन्हा जुनी. "असं लिहीत नाहीत गं चिठ्ठीवर," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद थोडा वेळ हातातच धरला आणि मग माझ्याकडे सरकवला.

"तारीख राहिलीय," त्या म्हणाल्या. "तारीख टाक."